बाभळीकडं वळणारी रेघ

परवा कोरेगावच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं माझी गाडी अडकली. पुढं जायला जागा नाही, मागं वळायला जागा नाही, आणि पुढच्या ट्रॉलीवरून लोंबणारं पाचट दर खड्ड्याला माझ्या काचेवर झाडू मारतंय. बायको म्हणाली, "हॉर्न वाजवा की." मी म्हटलं, "हॉर्न वाजवून ऊस बारीक होत नसतो." आणि काच खाली केली. गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या हवेला मळीचा वास येतो. थोडा गोड, बराचसा आंबट. नवखा माणूस नाक दाबतो, आमच्यासारखा नाक पुढं करतो.

डाव्या हाताला एक मैदान होतं. एक माणूस चाकाचं यंत्र ढकलत पांढरी रेघ आखत होता. दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी. रेघ इतकी सरळ येत होती की मला उगीचच वाईट वाटलं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. ह्यांच्याकडं आप्पा नाहीत."

तिला आप्पा माहीत आहेत. लग्न झाल्यापासून तिनं ही गोष्ट निदान पन्नासदा ऐकलीय, म्हणून तिनं डोळे मिटले. तुम्ही उघडे ठेवा.

नव्वदीच्या मध्याची गोष्ट. आमचं गाव तालीमवाल्यांचं. घरटी एक पैलवान, नाहीतर घरटी एक फौजी, आणि काही घरांत दोन्ही एकाच माणसात. अशा गावात फुटबॉल आला तो फौजींच्या ट्रंकेतून. रजेवर आलेल्या कुणीतरी एकदा चेंडू आणला आणि परत जाताना न्यायचा विसरला. बाजारपेठेच्या मागच्या माळावर, साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून आमचं मैदान होतं. एका कडेला एकच झाड, वाकडी बाभळ. त्या बाभळीखाली माझी कायमची जागा, कारण मी टीमचा राखीव गोलकीपर होतो. हे पद फार मानाचं. यात खेळावं लागत नाही, फक्त पाण्याची कळशी सांभाळावी लागते आणि हरल्यावर सगळ्यांबरोबर मान खाली घालावी लागते.

आमचा कॅप्टन सुदाम, एसटीत कंडक्टर. भीमनगरात राहायचा. मैदानावरही त्याचा आवाज गाडीतलाच. "पुढं सरका, पुढं सरका, दारात गर्दी करू नगा," असं ओरडत तो आमच्या फॉरवर्डना गोलाकडं हाकायचा. उजव्या कडेला पळायचा मुन्ना. एरवी हा ट्रॅक्टर चालवायचा, आणि पळायचाही तसाच. एकदा सुटला की वळायचं नाव नाही.

आणि आप्पा.

आप्पांचा गोल सगळ्या गावाला तोंडपाठ होता. तरुणपणी सांगलीच्या एका मॅचमध्ये त्यांनी कोपऱ्यातून मारलेला चेंडू कुणाचाही पाय न लागता हवेत वळला आणि सरळ जाळ्यात गेला. त्या पायावर ते फौजेत गेले, पलटणीच्या टीममधून खेळले. मग एका मॅचमध्ये गुडघा मोडला. टीम गेली, पुढं नोकरीही गेली, आणि आप्पा डावा पाय ओढत गावी आले. आल्यावर गावानं त्यांचं काय केलं? गुत्त्यावर बसवलं. "आप्पा, त्यो गोल सांगा की," असं म्हणायचं आणि त्यांच्यापुढं ग्लास सरकवायचा. आप्पा गोल सांगायचे. गोल रंगायला दोन ग्लास लागायचे, पुढं तीन लागू लागले. मग सकाळीही सांगायला लागले.

मीही एकदा ऐकलाय. ग्लास मीच सरकवला होता. हे सांगून टाकतो, कारण पुढं मी जरा चांगला माणूस वाटण्याचा धोका आहे.

आता आमच्या भागात म्हातारा पैलवान जत्रेच्या फडात आला तर लोक उठून उभे राहतात. त्याला फेटा बांधतात, पहिल्या रांगेत बसवतात, पोरं पाया पडतात. त्याचे कान मोडलेले असतात, त्यावरून लोक त्याला मरेपर्यंत ओळखतात. फुटबॉलवाल्याचा गुडघा पँटीच्या आत असतो. कुणाला दिसतो? सुदामच्या डोक्यात हे बरेच दिवस घोळत होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या मैदानावर स्पर्धा ठरली. दर रविवारी मॅच, थेट गळीत संपून कारखाना बंद होईपर्यंत. तेव्हा सुदाम म्हणाला, "आपण आप्पांचा सत्कार करू."

केला. मांडव घातला, शाल दिली, नारळ दिला. पाहुण्यांनी भाषणात आप्पांना 'माजी खेळाडू' म्हटलं, एकदा नाही, सहा-सात वेळा. दर 'माजी'ला आप्पा खुर्चीत थोडे खाली सरकत होते. शेवटी ते उठले आणि भाषण चालू असतानाच पाय ओढत मांडवाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ती शाल गुत्त्याच्या मालकाच्या अंगावर दिसली. त्याला ती शोभतही होती, हे जास्त वाईट.

त्याच सकाळी शालनवहिनी, म्हणजे आप्पांची बायको, मैदानावर आल्या. हातात नारळ. आम्ही प्रॅक्टिस थांबवली.

"सुदामभावजी, ह्यो नारळ कुणाच्या डोस्क्यात फोडू तेवढं सांगा."

सुदाम म्हणाला, "वहिनी, आमी चांगल्या मनानं..."

"तुमचं मन लय चांगलं हाय. सगळ्या गावाचं चांगलं हाय. चांगल्या मनानंच पाजली न्हवं सगळ्यांनी? गोल पायजे हुता न्हवं ऐकायला?" त्यांची नजर आमच्या सगळ्यांवरून फिरली. माझ्यावर जरा जास्त थांबली असं मला वाटलं. "कारखाना बंद हुस्तवर बगणार. तवर सुटली तर सुटली. न्हाईतर पोरीला घिऊन औंधला, भावाकडं. मंग ऱ्हावा तुमी आणि तुमचा गोल."

नारळ त्यांनी सुदामच्या हातात ठेवला आणि गेल्या. सुदामनं तो नारळ बाभळीखाली ठेवला. मग म्हणाला, "आजपास्नं आप्पास्नी गोल इचारायचा न्हाई. कुणीबी. आणि माजी म्हणायचं न्हाई."

"मग काय म्हणायचं?" मी विचारलं.

"काम सांगायचं."

सुदाम आप्पांच्या दारात गेला आणि म्हणाला की मैदान आखायला माणूस नाही. यात खोटं काही नव्हतं. आप्पा म्हणाले, "मला काय जमतंय रं, सुद्या." सुदाम म्हणाला, "कुणालाच जमंना, म्हणून तर आलोय. गोलखांबाम्होरं शेतातल्या बांध-ताली घातल्यावानी वाकड्या रेघा हायत्या." आप्पांमधला फौजी ह्या एका वाक्यानं दुखावला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते मैदानावर हजर झाले.

मैदान आखतात फक्कीनं, म्हणजे त्या पांढऱ्या चुन्यासारख्या भुकटीनं. फक्की मी आणायचो, मामाच्या खताच्या दुकानातून. मला ती कशाला लागते हे मामाला कळायला दोन महिने लागले, आणि कळल्यावर तो मॅच बघायला येऊ लागला. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, डब्यात फक्की भरायची आणि काठीनं टक टक करत चालायचं. मी दोरी आणली होती. आप्पांनी दोरीकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्यापुढं कुबडी धरली होती.

"आमच्या पलटणीत दोरी लागत नव्हती. लाईन डोळ्यानं आखायची."

दोरी मी गुंडाळली. त्यानंतर आमच्यापैकी कुणाची ती काढायची हिंमत झाली नाही. आप्पांनी कोपऱ्यावर नजर लावली आणि निघाले. टक टक, टक टक. पहिली वीस पावलं सुरेख. मग रेघ हळूच उजवीकडं कलली, बाभळीच्या बाजूला फुगली, अडीच पावलं बाहेर गेली आणि बाभळ मागं पडल्यावर काही घडलंच नाही अशा थाटात परत जागेवर आली.

आम्ही सगळे त्या रेघेकडं बघत राहिलो. मुन्ना हळूच म्हणाला, "ही लाईन हाय का कॅनॉल?" सुदामनं त्याच्या पायावर पाय दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "एक लंबर झालीया आप्पा."

नाव मात्र कॅनॉल हेच पडलं.

ती फुगत का होती, हे मला चौथ्या दिवशी कळलं. राखीव माणसाला बसल्या जागी पुष्कळ कळतं. बाभळीच्या मुळाशी एक ढोली होती आणि तिच्यात, पाचटाखाली, एक चपटी बाटली. आप्पा दोरीशिवाय नजरेनं चालायचे, आणि तिथं आले की नजर त्या ढोलीकडं जायची. पाय नजरेमागं जायचे. मी सुदामला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, "फेकून देऊ?"

"नगं. फेकलीस तर दुसरीकडं ठिवत्याल. हितं हाय तवर आपल्याला ठावं तरी हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि हे बग, तुज्या-माज्याशिवाय कुणाला कळायला नगं."

रविवारी मॅच, तर रविवारी लाईन. बाकीचे सहा दिवस काय? सुदामनं आप्पांना सांगितलं, "लाईन रोज मारावी लागती. रातच्याला ढोरं फिरत्यात, पुसत्यात." आता आमच्या मैदानावर ढोरं फिरत नव्हती. म्हणून रोज संध्याकाळी, प्रॅक्टिस संपल्यावर, कडुसं पडायच्या, म्हणजे अंधारायच्या आधी, टीमचे अकरा जण आणि बारावा मी, असे एकामागं एक रेघेवरून पाय घासत चालायचो. चारी कडा, मधली रेघ, गोलापुढच्या दोन्ही पेट्या. कारखान्याच्या रस्त्यावरून जाणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे. एकानं विचारलं, "कसला नवस हाय रं हा?" सुदाम म्हणाला, "पाय मोकळं करतुया." कॅनॉलपाशी आलो की सगळी रांग इमानदारीत बाहेर वळायची आणि परत आत यायची. बारा माणसं एक वळण पाठ करतायत असं ते दृश्य. नंतर मी देशात बरंच काही पाहिलं, पण संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात फक्कीची धूळ उडवत चाललेली ती रांग माझ्या लेखी सगळ्यांत वर आहे. आम्ही रोज एका माणसाचं काम पुसत होतो, त्याला उद्याही काम असावं म्हणून.

सकाळी पहिल्या गाडीच्या ड्यूटीआधी सुदाम आप्पांना घेऊन यायचा. दारात बसून राहायचा, "उठा" म्हणायचा नाही. नुसता तिकिटांचा ट्रे वाजवायचा.

पाहुण्या टीम आल्या. पहिल्याच मॅचला पंचांनी शिट्टी तोंडातून काढून विचारलं, "ही रेघ वाकडी का?" सुदामनं शांतपणे उत्तर दिलं, "साहेब, दोन्ही टीमला तीच हाय." पंचांनी विचार केला. ह्यात कायदेशीर खोट सापडेना. खेळ सुरू झाला.

आणि इथं एक गंमत झाली. पाहुणी माणसं नजरेनं सरळ रेघ धरायची. बाभळीपाशी चेंडू आला की त्यांना वाटायचं, बाहेर गेला. हात वर करून ती थांबायची. मुन्ना थांबायचा नाही. त्या अडीच पावलांत तो एकटाच. तिथून चेंडू घेऊन सुटायचा आणि गोलापुढं टाकायचा. कुठल्या तरी एका हाफात ती बाजू आमच्या उजवीकडं यायचीच, आणि त्या हाफात आम्ही गोल करायचो. इस्लामपूरची टीम आमच्यापेक्षा दुप्पट चांगली. ती कॅनॉलमध्ये बुडाली. जाताना त्यांचा कॅप्टन म्हणाला, "गड्यानू, पुढच्या बारीला होडी घिऊन येतो."

अशा रीतीनं आप्पांच्या बाटलीच्या आधारानं आम्ही फायनलपर्यंत पोचलो. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. आमच्या टीमचा मोठेपणा सांगताना तेवढं प्रामाणिक असायला हवं.

हंगाम सरत आला. रस्त्यावरच्या ट्रॉल्या कमी झाल्या, ऊसतोडीच्या टोळ्यांनी फडावरची पालं उतरवायला घेतली. कारखाना बंद व्हायची वेळ जवळ येऊ लागली तसे मला शालनवहिनींचे शब्द आठवायचे. फायनल मिरजेच्या टीमशी होती. त्या दिवशी सुदामला पहाटेची जादा गाडी लागली, ड्यूटी बदलून मिळाली नाही, आणि आप्पांच्या दारात न जाताच तो गेला. आप्पा एकटेच मैदानावर आले आणि आखून गेले.

दुपारी मी कळशी घेऊन बाभळीखाली गेलो आणि उभाच राहिलो. रेघ सरळ होती. बाभळीच्या आधी सरळ, बाभळीपाशी सरळ, बाभळीनंतर सरळ. ढोलीत हात घातला. बाटली जागेवर होती, बूच न उघडलेली. म्हणजे आप्पा तिच्याजवळून चालत गेले होते आणि त्यांची मान वळली नव्हती.

आता राखीव गोलकीपरचं त्या क्षणी एकच काम होतं. मुन्नाला जाऊन सांगायचं, बाबा रे, कॅनॉल नाही. पण मी त्या रेघेकडं बघत बसलो. सुदाम आला, त्यानं रेघ पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की तोही सांगायचं विसरला.

माळावर गर्दी होती. शालनवहिनी पोरीला घेऊन एका रिकाम्या ट्रॉलीत, बायकांमध्ये बसल्या होत्या. सगळं मैदान चेंडूकडं बघत होतं. त्या एकट्या रेघेकडं बघत होत्या.

मिरजेनं पहिल्या हाफात गोल केला. दुसऱ्या हाफात बाभळीची बाजू आमच्या उजवीकडं आली. शेवटची पाच मिनिटं. मुन्ना सुटला. तो कधीच खाली बघून पळायचा नाही, त्याच्या पायांना वाट पाठ होती. बाभळीपाशी तो सवयीनं बाहेर वळला, अडीच पावलं, परत आत आला, चेंडू गोलापुढं टाकला, आणि सुदामनं डोक्यानं जाळ्यात घातला. माळ उसळला. आणि मग सगळ्यांना दिसलं की लाईनमनचं निशाण केव्हाचं वर आहे.

"बाहेर कुठं?" मुन्ना म्हणाला. मग त्यानं मागं वळून खाली पाहिलं. बाभळीपाशीही रेघ सरळ, पांढरी.

एक शून्यानं हरलो.

आप्पा कोपऱ्यातल्या निशाणापाशी डबा घेऊन उभे होते. सुदाम त्यांच्याकडं गेला, मागोमाग आम्ही.

"माज्यामुळं गेली न्हवं रं?"

"व्हय," सुदाम म्हणाला. "तुमच्यामुळंच गेली. लय सरळ मारलीसा." आणि तो हसायला लागला. आम्हीही. आप्पा हसले नाहीत. ते डबा घेऊन वळले, बाभळीपाशी आले, जिथं माझी कळशी होती. वाकून ढोलीतून बाटली काढली. मी धावत मागं गेलो आणि समोर उभा राहिलो.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय आप्पा."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"आणि प्यालास न्हाई?"

"मला वास सोसत नाही."

त्यांनी बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बाटली होती तिथं परत ठेवली. खिशात नाही, फेकलीही नाही. ठेवली. मग पाय ओढत गेले. ट्रॉलीतून वहिनी उतरल्या आणि काही अंतर ठेवून त्यांच्या मागून चालू लागल्या.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की खरी भीती आता आहे. स्पर्धा संपली. उद्या सोमवार. मॅच नाही, लाईन नाही, काम नाही. सुदाम म्हणाला, "उद्या मी दारात जाणार न्हाई. आपल्या पायानं आले तर आले."

सोमवारी सकाळी साडेसहाच्या आधीच सगळी टीम मैदानावर. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. उभे राहिलो, आणि सुदामनं कपाळावर हात मारला.

"अरं, काल लाईन कुणी पुसली का?"

हरल्याच्या नादात कुणीच पुसली नव्हती. चारी बाजूंनी मैदान आखलेलं, स्वच्छ, सरळ. आप्पा आले असते तर त्यांना करायला काही नव्हतं. मग काय, अकरा जण आणि बारावा मी, जीव खाऊन पाय घासत सुटलो. मुन्नानं चप्पल काढून हातात घेतली आणि दोन्ही पायांनी घसरगुंडी केली. धूळ उडाली. आणि त्या धुळीत, बाभळीच्या बाजूला, डबा घेतलेले आप्पा उभे दिसले. किती वेळ बघत होते कोण जाणे.

आम्ही जागच्या जागी थांबलो. माझा एक पाय रेघेवर, एक हवेत.

"ढोरं पुसत्यात म्हणत हुतास," आप्पा म्हणाले, "ती हीच व्हय रं, सुद्या?"

सुदामनं मान खाली घातली. "व्हय, आप्पा."

आप्पांनी आम्हाला एकेक करून पाहिलं, बैलबाजारात दात बघावेत तसं. मग डब्यात फक्की भरली.

"सरा बाजूला. आणि एक सांगा. कॅनॉल ठिवू का काढू?"

सगळ्यांनी मुन्नाकडं पाहिलं. बिचाऱ्याचे सगळे गोल त्या अडीच पावलांतले. त्यानं डोकं खाजवलं.

"काढा," तो म्हणाला. "पर मला वळायला शिकवावं लागंल."

खरं सांगायचं तर पुढच्या दोन वर्षांत कॅनॉल तीन-चारदा परत आला. त्या दिवशी आम्ही उजव्या कडेनं जास्त खेळलो आणि सुदाम दुसऱ्या दिवशी दारात जरा लवकर जाऊन बसला. शालनवहिनी औंधला गेल्या त्या यमाईच्या दर्शनाला, आणि आप्पांना बरोबर घेऊन. तो कोपऱ्यातला गोल आप्पांनी पुन्हा कधी सांगितला नाही. मुन्नाला शिकवताना फक्त एकदा म्हणाले, "त्या दिवशी वारा हुता."

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आप्पांनी कोपऱ्यावर नजर लावली आणि निघाले. टक टक, टक टक. बाभळ जवळ आली. आम्ही बारा ढोरं धुळीत उभी होतो, कुणाच्या नाकातून वारा जात नव्हता. काठीचा आवाज बाभळीपाशी आला. थांबला नाही.